पत्र आलेलं नाही

“ज्याअर्थी पत्र आलेलं नाही,” रावसाहेब म्हणाले, “त्याअर्थी ते पाठवलेलं नाही.”

“पाठवलंय, रावसाहेब. एकशे शहाऐंशीच्या एकशे शहाऐंशी सभासदांना पाठवलंय. ते स्पॅममध्ये गेलंय.”

“मग तिथं कशाला पाठवलंत?”

त्या आठवड्यात हा प्रश्न मला अकराव्यांदा विचारला जात होता आणि दर वेळी माझं उत्तर लहान होत चाललं होतं. पहिल्यांदा मी फळ्यावर आकृती काढली होती. अकराव्यांदा मी नुसतं पंख्याकडे बघितलं.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मी चोवीस वर्षांचा होतो आणि विट्यात वेबसाइटी बनवून द्यायचो. माझ्या कंपनीत एकच माणूस होता आणि तोही कधीकधी न सांगता रजेवर जायचा. रावसाहेब म्हणजे आप्पासाहेब दुधाळे, निवृत्त नायब तहसीलदार आणि सेवानिवृत्त महसूल कर्मचारी मंडळाचे सचिव. महसूल खात्यात नायब तहसीलदाराला रावसाहेब म्हणतात, कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात, आणि निवृत्तीनंतरही या हाकेवरून कुणी खाली उतरत नाही. मला त्यांनी ‘तांत्रिक सल्लागार’ नेमलं होतं. इतिवृत्ताच्या ओळीत ‘सल्लागार’ मावलं नाही, म्हणून मी नुसता ‘तांत्रिक’ राहिलो. एका म्हाताऱ्या तलाठ्यांनी तर, “आमच्या घरावर कुणी काही केलंय का, एकदा येऊन बघा,” म्हणून मला बोलावणंही धाडलं होतं.

मंडळाला बबनशेठ तारळेकरांच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. तिथं ही मंडळी रोज सकाळी पावणेदहाला डबे घेऊन यायची आणि सव्वासहाला घरी जायची. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी घ्यायची. कशापासून, ते विचारायची सोय नव्हती.

आणि आता बबनशेठना त्या खोल्या परत हव्या होत्या. त्यांचा मुलगा जिम काढणार होता. जिना चढून येऊन त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, “रावसाहेब, मी रोज खालनं बघतो. तुमच्या मंडळात माणसं पाच. चार पत्ते खेळत्यात, पाचवा सल्ला देतो.”

“सभासद एकशे शहाऐंशी आहेत,” रावसाहेब म्हणाले होते.

“कागदावर माझी उंची पण सहा फूट हाय. वार्षिक सभेला साठ सभासद हजर करून दाखवा. मी स्वतः येऊन मोजतो. साठ भरले तर पाच वर्षं जागेचं नाव काढणार नाही. नाही भरले तर एक तारखेला ट्रेडमिल येतील.”

साठ माणसं. एकशे शहाऐंशीतली फक्त साठ. कुठल्याही दुसऱ्या संघटनेनं फोन केले असते, लोक आले असते, भेळ खाऊन गेले असते. पण सभेची सूचना फक्त ई-मेलनं द्यायची, असं मंडळाच्या उपविधीत लिहिलेलं होतं, आणि ते कुणी घालायला लावलं होतं, तर मी. वेबसाइट विकताना मी मोठ्या तोंडानं म्हणालो होतो, “रावसाहेब, कागद गेला. आता एक बटण, आणि सगळे हजर.” रावसाहेबांनी ते वाक्य जसंच्या तसं कलम अकरामध्ये घातलं. फक्त ‘आणि सगळे हजर’ एवढं वगळलं. अनुभवी माणूस.

तरी मी चोरून फोन करून बघितले. पहिला फोन माने सर्कलना. सर्कल म्हणजे मंडल अधिकारी. चाळीस गावं त्यांच्या मोटारसायकलच्या आवाजावरून त्यांना ओळखायची.

“सर्कल, येत्या एकोणीस तारखेला रविवारी सभा आहे. अकरा वाजता.”

“हे तुम्ही तोंडी कळवताय का लेखी?”

“फोनवर आहे म्हणजे तोंडीच.”

“मग मला कळलेलं नाही.”

“अहो, आत्ता कळलं की!”

“मला कळलं, सभासदाला कळलेलं नाही. उद्या कुणी विचारलं, माने, तुम्ही कुठल्या पत्रान्वये हजर राहिलात, तर काय सांगू? तुमचा आवाज दाखवू?”

“जागा जाईल, सर्कल.”

“म्हणून तर म्हणतोय. पत्र पाठवा. पत्र आलं की पहिला मी.”

असे मी चौदा फोन केले. चौदाही जण पत्र आलं की पहिले येणार होते.

तेव्हा पत्र पोचवणं आलं. मी आधीचे चार महिने हेच करत होतो. मंडळाचं साप्ताहिक पत्र जायचं, आणि जायचं ते थेट कचऱ्यात. सुरुवातीला मला वाटलं, दोष रावसाहेबांच्या लेखणीत आहे. त्यांच्या पत्राचा विषय असायचा, ‘अतितात्काळ!! कालमर्यादित!! हलगर्जीपणा केल्यास गांभीर्याने घेतले जाईल!!!’ तोही लाल अक्षरात. आत मजकूर नसायचाच, सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो असायचा. जगातल्या कुठल्याही यंत्रानं ते उघडण्याआधी पोलिसांना बोलावलं असतं.

“रावसाहेब, विषय साधा लिहू. ‘मंडळाचे साप्ताहिक पत्र’.”

“मग ते कोण उघडेल? आम्ही छत्तीस वर्षं साधी पत्रं गठ्ठ्याच्या तळाला घातली आहेत.”

भांडून भांडून मी तीन उद्गारचिन्हं काढून घेतली. मग मंडळाच्या वेबसाइटच्या नावाच्या नोंदीत आमच्या सर्व्हरचं नाव घातलं, म्हणजे हे पत्र खरंच मंडळाकडून आलंय हे पलीकडच्याला ताडून बघता येईल. मग प्रत्येक पत्रावर डिजिटल सही चढवली. मग तोतया पत्र आलं तर त्याचं काय करायचं, याची सूचना लावली. हे सगळं समजावल्यावर रावसाहेब प्रथमच खूश झाले. “म्हणजे नमुना सही, मूळ सही आणि तोतयावर कारवाई. हे आधी का नाही केलंत?” मग कळलं की आमच्याच सर्व्हरवर आमच्या शेजारी टक्कल घालवणाऱ्या तेलाची एक कंपनी राहते आणि दिवसाला लाखभर पत्रं फेकते. मी बिऱ्हाड हलवलं. पत्रं पाठवायचंच काम करणाऱ्या एका कंपनीत खातं उघडलं. पत्राची चाचणी घेणाऱ्या साइटवर आमच्या पत्राला दहापैकी दहा गुण पडले. मला दहावीला गणितातही एवढे पडले नव्हते.

आणि गंमत बघा. दर सुधारणेनंतर पत्रं नीट पोचायची. थोडे दिवस. एखादं पत्र, फार तर दोन, इनबॉक्समध्ये जायची, आणि मग सगळी पुन्हा बुडायची. मी भोक बुजवायचो, बोट थोडे दिवस तरंगायची, आणि मग कुणीतरी खालून नवं भोक पाडायचं.

“हे बाहेरच्याचं काम आहे,” रावसाहेब दार लावून घेऊन म्हणाले. “जिल्हा परिषदवाले.”

“म्हणजे?”

“त्यांच्याही निवृत्तांची संघटना आहे. त्यांना दोन खोल्या नाहीत. देवळाच्या पारावर बसतात.” त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “महसूलवाल्यांचं चांगलं झालेलं त्यांना १९८४ पासून बघवत नाही.”

१९८४ ला काय झालं होतं, ते मी विचारलं नाही. मला तेव्हा रात्री झोपेत पण पोचलेल्या पत्रांची टक्केवारी दिसायची.

सभेला दहा दिवस उरले असताना पत्रं पाठवणाऱ्या कंपनीचं मला पत्र आलं. ते मात्र बरोबर इनबॉक्समध्ये आलं. त्यात लिहिलं होतं, की हजारात तीनपेक्षा जास्त वाचकांनी तक्रार केली, तर आम्ही खातं गोठवतो. तुमच्या बाबतीत हे प्रमाण हजारात चारशे तेरा आहे. आमच्या कारकिर्दीत आम्ही हे पाहिलेलं नाही. सोबत, तक्रार करणाऱ्यांची यादी.

मी यादी उघडली. जिल्हा परिषदवाला एकही नव्हता. सगळे आपलेच. तिसऱ्या नंबरावर माने सर्कल. दुसऱ्या नंबरावर स्वतः रावसाहेब. त्यांनी आपल्या सहीनं पाठवलेल्या प्रत्येक पत्राची तक्रार केली होती. आणि पहिल्या नंबरावर थोरवत बाई. मिळालेली पत्रं अकरा, तक्रारी अकरा. सरासरी वेळ, पत्र मिळाल्यापासून चार मिनिटं.

इंदुमती थोरवत म्हणजे तहसील कचेरीतलं आवक-जावक टेबल. तेहतीस वर्षं. तालुक्यात आलेला प्रत्येक कागद त्यांच्या हातून नंबर घेऊन आत गेला आणि नंबर घेऊन बाहेर पडला. एकही हरवला नाही, हे शत्रूसुद्धा मान्य करायचे. मंडळात रावसाहेबांना सगळे घाबरायचे आणि रावसाहेब बाईंना घाबरायचे. मी मोटारसायकल काढली. वाटेत मी वाक्यं घोकत होतो, त्यातलं एकही इथं लिहिण्यासारखं नाही.

बाई ओट्यापाशी उभ्या राहून शेंगदाणे भाजत होत्या. गॅस बंद करून, हात धुऊन, त्या बाहेर आल्या.

“बसा, तांत्रिक. काय काम काढलंत?”

“बाई, तुम्हाला मंडळाच्या पत्रांचा एवढा राग कशासाठी आहे?”

“राग? मला?”

“अकरा पत्रं आली. अकराच्या अकरा तुम्ही चार मिनिटांत...” शब्द सापडेना. “...निकालात काढलीत.”

“चार मिनिटं?” बाईंचा चेहरा पडला. “तेवढा वेळ नको होता लागायला. आता दिसत नाही हो पूर्वीसारखं. कचेरीत असताना एका मिनिटाच्या आत करत होते मी.”

“काय करत होता?”

“नोंद.”

त्यांनी कपाटातून वही काढली. आखलेली, अनुक्रमांक, दिनांक, कुणाकडून, विषय, शेरा. मंडळाची अकराही पत्रं तिथं लाल शाईनं उतरवलेली. मग चष्मा लावून त्यांनी फोन हातात घेतला. तो त्यांच्या मुलानं पूर्ण मराठीत करून दिला होता.

“हे बघा. पत्र आलं. उघडलं, वाचलं. आता वर ही तीन टिंबं आहेत ती दाबली. आता यादी आली. आता हे.” त्यांनी बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं, ‘स्पॅम म्हणून नोंदवा’.

“नोंदवा,” बाईंनी मला वाचून दाखवलं. “नोंदवलं. झालं.”

आतून भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास येत होता आणि माझे चार महिने कुठं गेले, ते मला दिसत होतं.

“बाई, आणि ‘स्पॅम’ म्हणजे काय वाटलं तुम्हाला?”

“असेल एखादी शाखा. आमच्याकडे कमी होत्या का? एनए, ईजीएस, यूएलसी, एसडीओ. प्रत्येकाचं लांब नाव विचारत बसले असते तर टपाल कधी फुटलं असतं? माने सर्कल म्हणाले, सभासद पत्रव्यवहार मंडळ असणार. मला पटलं.”

“पण नोंदवल्यावर पत्र गायब होतं, याचं काही वाटलं नाही?”

बाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की मला अर्धी चड्डी घातल्यासारखं वाटलं. “नोंद झाली की कागद पुढच्या टेबलावर जातो. माझ्यापुढेच राहिला असता तर वाटलं असतं. पहिल्यांदा एक संगणक नीट चाललेला बघितला मी.”

“हे बाकीच्यांना कुणी शिकवलं?”

“मीच. परिपत्रक काढलं ना, अगदी पहिल्या पत्रासोबत. ‘मंडळाचे प्रत्येक पत्र मिळताच तीन टिंबे दाबून नोंदवावे व अनुपालन करावे.’ लोकांनी केलं. आमची माणसं आहेत, टाळाटाळ करत नाहीत.” मग त्या थांबल्या. तेहतीस वर्षं लोकांचे चेहरे काउंटरपलीकडून वाचलेली बाई. “काय झालंय?”

मी सांगितलं. शक्य तेवढं हळू सांगितलं. स्पॅम म्हणजे रद्दी. ते बटण म्हणजे, ‘हा माणूस मला त्रास देतोय, याचं काही माझ्याकडे येऊ देऊ नका.’ पुरेशा लोकांनी ते दाबलं, की मंडळाचं पत्र कुणाकडेच जात नाही. न दाबणाऱ्यांकडेसुद्धा.

बाईंनी वही मिटली. पुन्हा उघडली. अकरा ओळींवरून बोट फिरवलं.

“म्हणजे मी टपाल हरवलं,” त्या म्हणाल्या.

“तुमचं नाही, ॲपवाल्यांचं चुकलंय, त्यांनी शब्द...”

“परिपत्रक ॲपवाल्यांनी काढलं का?”

रावसाहेबांना हे कळल्यावर त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, “थोरवत बाईंना खुलासा मागता येणार नाही. मी स्वतः अनुपालन केलंय.” आणि मग, “शुद्धिपत्रक काढू. ‘नोंदवू नये’ असं. आजच सगळ्यांना पाठवा.”

“कशानं?”

“ई-मेलनं. कलम अकरा.”

“ते स्पॅममध्ये जाईल, रावसाहेब.”

“मग तिथं कशाला...” इथं मात्र ते स्वतःच थांबले. खुर्चीत मागं टेकले. मी त्यांना असं टेकलेलं कधी बघितलं नव्हतं. “तांत्रिक, तुम्हाला एक सांगतो. इतिवृत्तात घेऊ नका. इथं मी रावसाहेब आहे. घरी मी ‘ओ बाबा, पाय वर घ्या, फरशी पुसायचीय’ आहे. सून चांगली आहे, तक्रार नाही. पण दिवसातनं सहा वेळा पाय वर घेऊन माणसानं करायचं काय?”

याला काही उपाय आहे का, ते त्यांनी मला विचारलं नाही. तांत्रिकानं सुचवावा असा तो प्रश्नच नव्हता.

मार्ग बाईंनी काढला. दुसऱ्या दिवशी पावणेदहाला त्या पिशवी घेऊन हजर. “पत्र त्यांच्या फोनमध्ये आहेच ना? रद्दीत का असेना?”

“आहे. कुणी रद्दीचा कप्पा उघडून ‘स्पॅम नाही’ असं दाबलं, तर ते वर येईल.”

“मग स्थळपाहणी करायची. घरी जायचं, कप्पा उघडायचा, पत्र काढायचं, पंचनामा करायचा. सूचना ई-मेलनंच गेली, कलम अकरा शाबूत.”

“पंचनामा कशाला, बाई? फोन घ्यायचा, दाबायचं, निघायचं. दहा सेकंद.”

“आणि उद्या कुणी म्हणालं की तुम्ही पत्र बाहेरून आणून आत घातलं?”

हे कुणी म्हणणार नव्हतं. पण मी सभेपर्यंत त्यांचा सारथी होतो. नऊ दिवस, मोटारसायकलवर मागं थोरवत बाई, मांडीवर पिशवी, पिशवीत पंचनाम्याचे कोरे कागद आणि स्टॅम्प पॅड. पहिलं घर माने सर्कलचं.

“माझ्या परिपत्रकात चूक झाली आहे,” बाई दारातच म्हणाल्या. “दुरुस्त करायला आले आहे.”

सर्कल दाराची कडी धरून उभे राहिले. “बाई, तुमच्या टेबलावरनं? चूक?”

“हो.”

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. बायकोला हाक मारली, शेजारच्याला पंच म्हणून बोलावलं. मग फोन मध्ये ठेवून बाईंनी लिहायला घेतलं. ‘आम्ही खाली सह्या करणार पंच समक्ष हजर असता, श्री. माने यांचे कब्जातील मोबाइलमधील स्पॅम नावाचा कप्पा उघडून पाहिला. त्यात मंडळाची नऊ पत्रे, एक परदेशी लॉटरी व केस वाढवण्याचे तेल मिळून आले. पैकी मंडळाची पत्रे वर घेतली. लॉटरी जागेवर ठेवली.’

“लॉटरी का ठेवली?” सर्कल हळूच म्हणाले.

मग सह्या, अंगठ्याच्या ठशाचा आग्रह, मग पोहे. एका घराला तास. काही ठिकाणी पासवर्ड पुण्यातल्या मुलाकडे, मुलगा मीटिंगमध्ये. एके ठिकाणी पंच पळून गेला. मी घड्याळ बघत होतो, घरं मोजत होतो, आणि ‘बाई, निदान पंचनामा दोन ओळींचा करा’ म्हणून गयावया करत होतो. त्या म्हणायच्या, “एकदा घाई केली ना मी. चार मिनिटांत अकरा.” म्हणजे चार-चार मिनिटांत, पण दुरुस्त करायचं मला धैर्य झालं नाही. आणि प्रत्येक दारात तेच वाक्य. ‘माझ्या परिपत्रकात चूक झाली आहे.’ सत्तावन्न दारं. एकदाही त्यांनी ते जोरात म्हटलं नाही, आणि एकदाही गाळलं नाही. तिसऱ्या दिवसानंतर मी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं.

एकोणीस तारखेला अकरा वाजता बबनशेठ खुर्ची टाकून दारातच बसले. माणसं येत गेली. ज्या ज्या घरी आम्ही पोचलो होतो, तिथलं प्रत्येक माणूस आलं. काठी घेऊन आलं, नातवाच्या स्कूटरवरून आलं, माने सर्कल तर पत्राची छापील प्रत घेऊन आले. ज्या घरी पोचलो नव्हतो, तिथून एकही माणूस आलं नाही. सत्तावन्न. अधिक थोरवत बाई, अधिक रावसाहेब.

साडेअकराला बबनशेठ उठले. एकेकाकडे बोट करत मोजलं. पुन्हा मोजलं. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, हे मला आठवतं.

“एकोणसाठ, रावसाहेब.”

माझ्या डोक्यात फक्त तो पळून गेलेला पंच होता. त्याच्या पाठीमागं पळण्यात माझा एक तास, म्हणजे एक घर गेलं होतं. मी फोन काढला. “मी कुणाला तरी आणतो. दहा मिनिटं.”

“कुणाला?” बाई म्हणाल्या. “ज्याला सूचना नाही, तो येणार नाही. आला तर चालणार नाही.”

रावसाहेबांनी उपविधीचं पुस्तक उघडलं होतं. ते पानं उलटत होते, अगदी सावकाश, जसा शेतकऱ्याला तासभर उभा करून उतारा शोधतात तसं. मग त्यांचं बोट थांबलं.

“कलम चार, पोटकलम ब. ‘महसूल खात्यातून, *अथवा मंडळाच्या सेवेतून*, निवृत्त झालेली व्यक्ती सभासद होण्यास पात्र राहील.’ हे आपण शिपायासाठी घातलं होतं.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “तांत्रिक, तुम्ही मंडळाच्या सेवेत आहात?”

“मी सल्लागार आहे.”

“सल्लागार निवृत्त होत नाही. ठराव क्रमांक एक. श्री. प्रथमेश लिगाडे यांना आज रोजी अकरा बेचाळीसपासून मंडळाच्या कायम सेवेत घेण्यात येत आहे. सूचक?”

“मी,” माने सर्कल.

“अनुमोदक?”

एकोणसाठ हात.

“ठराव क्रमांक दोन. श्री. लिगाडे यांचा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मंजूर करण्यात येत आहे.”

“मी अर्ज केला नाही,” मी म्हणालो.

बाईंनी माझ्यापुढं कोरा पंचनाम्याचा कागद सरकवला. मी अर्ज केला. त्यावर आवक क्रमांक पडला.

“एक मिनिट,” मागून एक निवृत्त लेखापाल उठले. “सेवा फक्त आठ मिनिटांची होतेय. सेवापुस्तक आहे का?”

“आहे,” बाई म्हणाल्या. त्या लिहीतच होत्या. एकपानी होतं.

“शिल्लक रजा?”

“निरंक.”

“खातेनिहाय चौकशी प्रलंबित आहे का? असेल तर निवृत्त करता येत नाही.”

सगळ्यांनी रावसाहेबांकडे बघितलं. रावसाहेबांनी माझ्याकडे बघितलं.

“ई-मेलबाबत होती,” ते म्हणाले. “ती आत्ता बंद केली. दोष आढळून आला नाही.”

मग ते ज्या गंभीरपणे पुढं आले, त्या गंभीरपणे माझ्याकडे आयुष्यात दुसरं कुणी आलेलं नाही. शाल आणलेली नव्हती, म्हणून त्यांनी टेबलावरचं हिरवं कापड काढून माझ्या खांद्यावर घातलं. पूजेचा नारळ हातात दिला. माने सर्कल म्हणाले, लिगाडे भाऊसाहेब मनमिळाऊ होते. कुणीतरी म्हणालं, त्यांची उणीव भासेल. मला सत्काराला उत्तर द्यायला लावलं. मी चोवीस वर्षांचा, खांद्यावर टेबलक्लॉथ, आणि ‘बंधूंनो’ एवढं म्हणून नारळ या हातातून त्या हातात करत राहिलो. समोर साठीच्या, सत्तरीच्या, ऐंशीच्या माणसांनी माना हलवल्या. निरोपाच्या दिवशी असं होतं, हे त्यांना माहीत होतं.

“हे असं चालतं?” बबनशेठ म्हणाले.

“नियमात आहे,” रावसाहेब म्हणाले.

बबनशेठनी सेवापुस्तक हातात घेतलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग ते परत देऊन, माझ्या छातीकडे बोट केलं.

“साठ,” ते म्हणाले, आणि खुर्ची उचलून जिना उतरून गेले.

बाईंनी माझ्यापुढं सभासदत्वाचा अर्ज ठेवला. नाव लिहिलं. निवृत्तीच्या वेळचं पद लिहिलं, तांत्रिक. पत्ता लिहिला. खाली ई-मेलचा रकाना होता. मी तिथं एक सरळ आडवी रेघ मारली.

“बाई,” मी म्हणालो, “मला समक्ष येऊन कळवाल?”